चार वर्षांच्या हाताला काय द्यायचे?

जव्हार-मोखाड्यातल्या लहान मुलाची उर्वरित महाराष्ट्राला ओळख होते ती वजनकाट्यावर. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. २०१६ मध्ये मोखाड्यातल्या मृत्यूंनंतर तीच चर्चा पुन्हा झाली. या सगळ्या काळात इथल्या अंगणवाड्यांचे मोजमाप एकाच दिशेने होत गेले: वजन किती, उंची किती, दंडाचा घेर किती, मूल सॅममध्ये (तीव्र कुपोषित) की मॅममध्ये (मध्यम कुपोषित). हे मोजायलाच हवे, त्याने जीव वाचतात. पण वजन करून झाले, खिचडी खाऊन झाली, की उरलेल्या वेळात ते मूल काय करते, त्याच्या हातात काय असते, हे फारसे कुणी विचारत नाही. या लेखाचे म्हणणे असे की मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्यात आणि भोवतालच्या पाड्यांत तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या हाताला रोज माती, रंग, धान्य, पाने, बांबू यांचे काम मिळायला हवे, आणि ते काम चालू असताना एखादे मोठे माणूस त्याच्याशी बोलत राहायला हवे. पोषणाचे सगळे उरकल्यावर जमले तर करायची ही गोष्ट नव्हे. ती त्या मुलाच्या वाढीवरच्या उपचाराचाच भाग आहे, आणि जिथे कुपोषण जास्त तिथे तिची निकडही जास्त आहे.

खोडाळा हे मोखाडा तालुक्यातले बाजारपेठेचे गाव. विहीगावमार्गे कसाऱ्याकडे जाणारा रस्ता, जवळच देवबांधचा गणपती, आणि तालुक्यात मुंबईची तहान भागवणारे मध्य वैतरणा धरण. पाड्यांवर वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी कुटुंबे राहतात. पावसाळ्यात उतारावर नागली आणि वरई, खाचरांत भात, जोडीला उडीद आणि खुरासणी. दिवाळी सरली की कितीतरी कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांची वाट धरतात. उन्हाळ्यात धरणाच्या तालुक्यातच टँकर फिरतात. पीक, स्थलांतर आणि पाणी या तिन्ही गोष्टी पुढच्या युक्तिवादात पुन्हा येणार आहेत, कारण इथल्या अंगणवाडीत काय करता येईल आणि काय नाही हे त्यांवरच ठरते.

आधी हाताविषयी. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि एकेक करून टणक होत जातात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटात त्यांतली दोन-तीनच हाडे तयार झालेली असतात. हे मूल खडू मुठीत धरते आणि खांद्यापासून सगळा हात फिरवून रेघ ओढते. मग हळूहळू हालचाल कोपरात, मनगटात आणि शेवटी बोटांत उतरते. तीन बोटांत पेन्सिल नीट धरणे बहुतेकांना साडेचार ते सहाच्या दरम्यान साधते. आता अशा मुलाच्या हाती ओल्या मातीचा लिंबाएवढा गोळा द्या. ते आधी तो मुठीत दाबते, तेव्हा सगळा तळवा काम करतो. मग जमिनीवर घोळवून त्याची वळी करते, तेव्हा दोन्ही हातांना सारखा जोर लावावा लागतो, नाहीतर वळी एका बाजूला बारीक होऊन तुटते. मग वळीची टोके जोडून कडे करायचे, तर अंगठा आणि तर्जनीची चिमटी लागते. कडे सुकताना तडकले तर त्याला पाणी कमी पडले हे कळते, पुढच्या वेळी ते बोट बुडवून घेते. जोर, चिमटी, दोन हातांचा मेळ, कारण आणि परिणाम एवढे सगळे अर्ध्या तासात घडते. पाटीवर ‘अ’ गिरवणाऱ्या साडेतीन वर्षांच्या मुलाला यातले फार थोडे मिळते. गिरवण्याबद्दल एक प्रयोगही इथे सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अजून वाचायला न शिकलेल्या पाच वर्षांच्या मुलांना काही अक्षरे मोकळ्या हाताने काढायला, काही गिरवायला आणि काही कळफलकावर टाइप करायला दिली, आणि नंतर ती अक्षरे पाहताना त्यांच्या मेंदूत काय घडते ते तपासले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात वाचनाशी निगडित भाग जागे झाले ते मोकळ्या हाताने काढलेल्या अक्षरांसाठी. गिरवलेल्या अक्षरांनी तसे केले नाही. प्रयोग लहान होता, त्यावरून सगळेच सिद्ध होत नाही. पण हाताने स्वतः चुकतमाकत आकार घडवणे आणि दुसऱ्याच्या आकारावरून हात फिरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून ठळकपणे दिसते.

हा विचार खोडाळ्याला परका नाही, तो याच जिल्ह्यात वाढलेला आहे. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत कामगारांच्या मुलांसाठी पहिले बालगृह उघडले. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांनी ती पद्धत १९२० मध्ये आपल्या मातीत आणली. ताराबाई मोडक गिजुभाईंबरोबर काम करून शिकल्या, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, आणि १९४५ साली ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे दोघींनी काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. त्यांच्यासमोरचा पेच नेमका आजच्या खोडाळ्याचाच होता. माँटेसोरीची साधने गुळगुळीत लाकडाची, मोजूनमापून केलेली, महाग. ती घेणार कोण, आणि वारली मुलाला त्यांत आपले काय वाटणार? त्यांनी साधनांमागचे तत्त्व ठेवले आणि साधने बदलली. रंग, आकार, स्पर्श, वजन, आवाज यांतला फरक मुलाच्या इंद्रियांनी ओळखायचा, एवढे पक्के. तो शिंपल्यांतून ओळखा, बियांतून ओळखा, पानांतून, मातीतून, बांबूच्या तुकड्यांतून ओळखा. मुले केंद्रात येईनात, तेव्हा वर्ग मुलांच्या अंगणात गेला, आणि गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाल्या. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी अंगणवाड्या चालवणारी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या सहा सेवांत अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक सेवा होती. मात्र पोषण, लसीकरण आणि तपासण्यांच्या रेट्यात ती मागे पडत गेली. बोर्डी आणि कोसबाड ते खोडाळा हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे तयार झालेली गोष्ट इथल्या पाड्यांवर आजही पुरेशी रुजलेली नसेल, तर ती अवघड म्हणून नाही. आपण ती महत्त्वाची मानली नाही म्हणून.

साहित्याच्या बाबतीत मोखाडा श्रीमंत आहे. कार्तिकात घरोघरी नवे धान्य येते. एका सुपात नागली, वरई, उडीद आणि खुरासणी मिसळून ठेवली, तर पाच वर्षांच्या मुलासमोर एक पूर्ण पाठ उभा राहतो. नागली तांबूस आणि गोल, वरई बारीक आणि फिकट, उडीद काळा आणि जाड, खुरासणीही काळी, पण लांबट आणि चकचकीत. डोळ्यांनी उडीद लगेच निघतो. नागली आणि वरई वेगळी करायला डोळे आणि बोटे दोन्ही लागतात. पाखडायला मनगट लागते, आणि पाखडताना जड दाणा कुठे जातो, हलका कुठे, हे मूल स्वतः पाहते. वर्गीकरण, तुलना, मोजणी हे गणिताचे पाये इथे आहेत. मूल ज्या भाषेत घरी या धान्यांविषयी बोलते, त्याच भाषेत ते अंगणवाडीतही बोलू शकते, आणि सेविका त्याला प्रमाण मराठीतला शब्द अलगद जोडून देऊ शकते. वारली, कातकरी, कोकणा बोली बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातले चित्र दाखवून ‘हे काय?’ विचारले तर ते गप्प बसते. हातात धरलेल्या वस्तूविषयी मात्र त्याला पुष्कळ सांगायचे असते.

चित्राचेही तसेच. वारली घरात लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात. शेणामातीने सारवून गेरूने लाल केलेली भिंत, तांदूळ वाटून केलेला पांढरा रंग, आणि टोक ठेचून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी. गोल, त्रिकोण, चौकोन एवढ्या आकारांतून माणूस, डोंगर, झाड, देवीचा चौक उभा राहतो. दहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. होळीच्या सुमारास मोखाडा-जव्हारमध्ये बोहाडा होतो. देवादिकांचे आणि राक्षसांचे मोठे रंगीत मुखवटे रात्रभर नाचतात, आणि लहान मुले ते डोळे विस्फारून पाहतात. ज्या परिसरात ही परंपरा जिवंत आहे, तिथे छापील वारली आकृती देऊन ‘रेषेच्या आत रंग भर’ म्हणणे मला फार दुःखाचे वाटते. त्या मुलाला गेरूने सारवलेला पुठ्ठा, वाटीभर तांदळाचे पीठ आणि एक काडी द्यावी. ते काढील तो गोल वाकडा असेल, त्याला पाय सहा असतील. पण तो त्याचा असेल, आणि त्याविषयी त्याच्याकडे गोष्ट असेल.

यावर पहिला आक्षेप असा येतो की पाड्यावरची मुले दिवसभर मातीतच खेळतात. बिया वेचतात, पाने गुंडाळून पिपाण्या करतात, आईबरोबर सारवतात. मग हेच अंगणवाडीत कशाला? आक्षेपात तथ्य आहे. या मुलांचे हात शहरातल्या मुलांपेक्षा कितीतरी बाबतींत तरबेज असतात, आणि ते मान्य न करता सुरुवात केली तर तो त्यांचा अपमान ठरेल. पण घरी एकट्याने खेळणे आणि कुणाच्या लक्षपूर्वक सोबतीने करणे यांत फरक आहे. सेविका विचारते, ‘हे आधी का केलेस? आता काय होईल? याहून मोठे करता येईल का?’ तेव्हा हाताने कळलेली गोष्ट बोलण्यात येते, आणि बोलण्यात आलेली गोष्ट पुढे वाचण्या-लिहिण्याला उपयोगी पडते. शेतावर आणि मजुरीवर दिवस घालवणाऱ्या आईबापांना यासाठी सवड नसते. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. ती सवड उभी करणे हे सरकारी केंद्राचे काम आहे.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे: पोट रिकामे असताना रंग आणि माती कशाला? आधी अन्न. या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर जमैकाच्या किंग्स्टन शहरातून आले. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी नऊ ते चोवीस महिन्यांची, उंची खुंटलेली १२९ मुले चार गटांत विभागली. एका गटाला पूरक आहार, एकाला खेळ, एकाला दोन्ही, आणि एका गटाला यांतले काहीच नाही. खेळ म्हणजे आरोग्यसेविकेने आठवड्यातून तासभर घरी जायचे, घरगुती वस्तूंपासून केलेली खेळणी घेऊन आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवायचे. हे दोन वर्षे चालले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आहार आणि खेळ या दोन्हींनी बौद्धिक वाढ सुधारली, आणि दोन्ही मिळालेली मुले सर्वांत पुढे होती. पुढे आहाराचा हा परिणाम विरत गेला, खेळाचा टिकला. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा खेळ मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. ही मुले अंगणवाडीच्या वयाहून लहान होती आणि गट छोटा होता, हे लक्षात ठेवायला हवे. तरीही उंची खुंटलेल्या मुलालाच खेळाचा एवढा फायदा होतो, ही गोष्ट मोखाड्याने भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. अमृत आहार योजनेतली अंडी आणि केळी चालूच राहिली पाहिजेत, ती वेळेवर आलीच पाहिजेत. प्रश्न अन्नातून काढून रंगाला देण्याचा नाहीच. कुपोषित मूल सुस्त असते, ते स्वतःहून वस्तू कमी हाताळते, मोठी माणसेही मग त्याच्याशी कमी बोलतात, आणि ते आणखी मागे पडते. हे चक्र एकट्या खिचडीने तुटत नाही.

मातीबाबत एक व्यवहाराची शंका डॉक्टरांकडून येते, आणि ती ऐकलीच पाहिजे. उघड्या मातीत जंत असतात. जंतांमुळे रक्त कमी होते, भूक मरते, आणि आपण ज्या मुलाला सुधारायला निघालो त्याचेच नुकसान होते. म्हणून माती अंगणातली उचलायची नाही. शौचाच्या आणि गुरांच्या जागेपासून लांबची चिकणमाती आणायची, चाळायची, कडक उन्हात वाळवायची, मग भिजवायची. जंताच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. काम झाले की साबणाने हात, नखांसकट. आणि इथे मोखाड्याचे पाणी आडवे येते. एप्रिल-मेमध्ये ज्या पाड्यावर प्यायचे पाणी टँकरने येते, तिथे वीस मुलांचे चिखलाचे हात धुवायचे कशाने? म्हणून हे काम ऋतू पाहून लावावे लागते. मातीचे काम पावसाळा ते हिवाळा. उन्हाळ्यात कोरड्या वस्तू: काड्या, चिंचोके, खडे, पाने, टोपलीची वीण, पळसाच्या फुलांचा वाटीभर रंग. तीन वर्षांच्या मुलांना बारीक दाणे द्यायचेच नाहीत, ते नाकात-कानात जातात. त्यांना तोंडात न मावणाऱ्या वस्तू द्यायच्या. असे बारकावे दिल्लीतून ठरत नाहीत. केंद्राने २०२२ मध्ये शिक्षणाच्या पायाभूत स्तराचा आराखडा आणला, २०२३ मध्ये ‘पोषण भी, पढाई भी’ म्हणून घोषणाही झाली, आणि दोन्हींची दिशा योग्य आहे. पण कोणत्या महिन्यात कोणत्या पाड्यावर किती पाणी असते हे तिथल्या सेविकेलाच माहीत असते.

आईबापांचे म्हणणे वेगळे असते. त्यांना मूल लिहिताना दिसायला हवे. ज्याला स्वतःला सही करता आली नाही, त्याला मुलाच्या पाटीवरचे अक्षर म्हणजे सुटकेचा रस्ता वाटतो, आणि इंग्रजी बालवाडी उघडली की तो पैसे मोडून मूल तिकडे घालतो. या आकांक्षेला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. मात्र तिला खोटे आश्वासन देणेही अन्यायाचेच आहे. आसाम, राजस्थान आणि तेलंगणातल्या सुमारे १४,००० मुलांचा चार ते आठ वर्षांच्या वयात पाठपुरावा करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की अंगणवाडी असो वा खासगी बालवाडी, पाच वर्षांची बहुतेक मुले शाळेसाठी तयार नव्हती. खासगी बालवाड्यांत घोकंपट्टी आणि लेखनाचाच भर होता. म्हणजे पैसे देऊन घेतलेले लवकरचे लेखनही मुलाला तयार करत नाही. हे पालकांना व्याख्यानाने पटणार नाही. महिन्यातून एकदा आईला किंवा आजीला अंगणवाडीत बसवून, मुलाबरोबर टोपलीची वीण घालायला लावून, मग त्याच बोटांनी काढलेले अक्षर दाखवले तर पटेल. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याहून काम करणाऱ्या क्वेस्ट संस्थेने, आणि त्याआधी अनुताई व रमेश पानसे यांच्या ग्राममंगलने, आदिवासी भागात बालशिक्षणाचे नेटके काम उभे करता येते हे दाखवून दिले आहे.

सर्वांत बोचरा आक्षेप सन्मानाचा आहे. शहरातल्या मुलाला टॅबलेट आणि रंगीत पुस्तके, आदिवासी मुलाला माती आणि काड्या? ज्या मातीत त्याचे आईबाप भट्टीवर राबतात, तीच त्याच्या हातात शिक्षण म्हणून ठेवायची? हा प्रश्न विचारणाऱ्याचा राग खरा आहे, कारण ‘स्थानिक साहित्य’ या नावाखाली काहीच न देण्याची सोय सरकारी यंत्रणेने अनेकदा करून घेतली आहे. माझे उत्तर असे की माती हा पर्याय म्हणून नव्हे, पाया म्हणून हवी, आणि तिच्या शेजारी चांगले जाड कागद, धार बोथट केलेल्या कात्र्या, रंग, आणि भरपूर चित्रपुस्तकेही हवीत. शिवाय श्रीमंतांच्या बालशाळाही आज माती, पाणी, बिया यांच्याकडे वळल्या आहेत. इटलीतल्या रेज्जो एमिलियाच्या बालशाळा जगप्रसिद्ध झाल्या त्या मुलांच्या हातकामावर. भट्टीवरची माती वेठीची आहे, तिचे माप मुकादम ठरवतो. अंगणवाडीतल्या मातीचे काय करायचे ते मूल ठरवते. या एका फरकात मला सगळा सन्मान दिसतो.

आता सेविकेबद्दल. वजन-उंची, घरी न्यायचा आहार, गृहभेटी, लसीकरणाचा दिवस, सर्वेक्षणे, आणि पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये नोंदी, त्याही जिथे फोनला रेंज नाही तिथे. एवढे करून तिने रोज तासभर माती भिजवावी ही अपेक्षा तिच्यावर अन्याय करणारी आहे, आणि या लेखातला कोणताही मुद्दा तिच्यावर आणखी एक काम टाकण्यासाठी नाही. तमिळनाडूत ६४० अंगणवाड्यांवर झालेला प्रयोग मार्ग दाखवतो. तिथे निम्म्या केंद्रांना केवळ पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी अर्धवेळ एक जादा कार्यकर्ती दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, दीड वर्षात मुलांचे भाषा आणि गणित सुधारले, आणि मूळ सेविकेला पोषणासाठी वेळ मिळाल्याने उंची खुंटण्याचे आणि तीव्र कुपोषणाचे प्रमाणही कमी झाले. म्हणजे हाताला काम देण्यासाठी नेमलेल्या बाईमुळे वजनकाट्यावरचा आकडाही सुधारला. जव्हार-मोखाड्याइतकी या जादा हातांची गरज राज्यात फार थोड्या तालुक्यांना असेल. पाड्यावरच बारावी झालेल्या मुली आहेत, त्यांना बोली येते, वीण येते, चौक कसा लिहितात ते माहीत आहे.

उरतो प्रश्न दिवाळीनंतरचा. धान्य घरात येते आणि कुटुंब भट्टीवर निघते. बरोबर चार वर्षांचे मूलही जाते. विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवून दाखवले की मुलाच्या मागे शाळा जाऊ शकते. स्थलांतरितांची नोंद ठेवणारी व्यवस्था आता राज्याकडे आहे, पण तिचे लक्ष आहार आणि लसीवर आहे. तिच्यात चार ओळी वाढवाव्यात: मूल घरी कोणती बोली बोलते, कात्री धरते का, वर्गीकरण करते का, चित्र काढून त्याविषयी सांगते का. म्हणजे भिवंडीजवळच्या अंगणवाडीतली सेविका त्याला पहिल्या दिवशी गप्प आणि मठ्ठ समजणार नाही. भट्टीमालकांना परवाना देताना सावली, धुण्यापुरते पाणी आणि एका कार्यकर्तीला बसायची जागा ही अट घालता येईल. आणि शिमग्याच्या सुमारास परतणाऱ्या मुलांसाठी मोखाडा तालुक्यातल्या केंद्रांना मार्च ते मे जादा साहित्य आणि पाण्याचा वेगळा टँकर मंजूर व्हावा, कारण त्यातली सहा वर्षांची मुले जूनमध्ये पहिलीच्या वर्गात बसणार असतात आणि तोपर्यंत त्यांच्यापाशी जेमतेम तीन महिने उरलेले असतात.